कल्ले साफ करा

नवसंकल्प सोसायटीच्या बोर्डावर एप्रिलमध्ये जी नोटीस लागली, तिच्यात पाच कलमं होती. पहिलं पाण्याच्या टाकीचं, दुसरं जिन्यातल्या चपलांचं, तिसरं कबुतरांना दाणे घालणाऱ्यांचं. पाचवं कशाचं होतं ते शशिकांत नाबरने वाचलंच नाही, कारण चौथं वाचूनच त्याच्या हातातली दुधाची पिशवी सुटता सुटता राहिली. 'कंपाउंडमध्ये कुणीही शोभेच्या वस्तू ठेवू नयेत. उदा. मोडक्या कुंड्या, बंद सायकली, नाबर यांची मोटार इत्यादी.'

कुंड्यांचं ठीक होतं. सायकलींचंही ठीक होतं. पण कुंडीवाल्यांची नावं नाहीत, सायकलवाल्यांची नाहीत आणि आपलं मात्र आडनावासकट, हे काही त्याच्या घशाखाली उतरेना. तो तरातरा तीन जिने चढून वर आला.

"शोभेची वस्तू म्हणे! माझ्या गाडीला!"

त्याची बायको सुचेता शाळेचे पेपर तपासत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्हाला तर नाही ना म्हटलं कुणी? मग झालं तर."

ती सहज बोलली, पण वार बरोबर बसला. शशिकांतने तीन वर्षांपूर्वी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. तेव्हा तो जेमतेम त्रेचाळीसचा होता आणि पुढे काय काय करणार याची त्याच्याकडे एक वही भरून यादी होती. आता २००४ साल उजाडलं होतं. यादी वहीतच होती आणि तो रोज दूध आणत होता, कुकर लावत होता, मुलीला, आरोहीला, क्लासला सोडत होता. आपण घरात उपयोगाचे उरलोत की नुसते हॉलमध्ये बरे दिसतो, ही शंका त्याला अधूनमधून यायची. त्यामुळे 'शोभेची वस्तू' हे शब्द त्याला गाडीसाठी जेवढे लागले, तेवढेच स्वतःसाठीही लागले.

गाडी म्हणजे त्याच्या वडिलांची, भाऊंची. मुंबईत लोक जिला 'डुक्कर' म्हणायचे ती जुनी, पुढे नाक काढलेली, पिस्ता रंगाची मोटार. भाऊंनी ती सदुसष्ट साली कुणाकडून तरी तिसऱ्या हाताने घेतली आणि गिरगावातल्या चाळीखाली उभी केली. चाळीत मोटार असणं हाच मोठा रुबाब होता, पण भाऊंचं तेवढ्यावर भागेना. एकोणसत्तर साली त्यांनी दोन गोष्टी एकाच महिन्यात केल्या. गालांवर कानाच्या पाळीखालीपर्यंत कल्ले राखले, आणि ऑपेरा हाउसच्या गल्लीतल्या एका दुकानातून गाडीच्या पुढच्या दोन्ही मडगार्डांवर, चाक आणि दरवाजा यांच्या मधोमध, तीन-तीन चकचकीत खाचांच्या झडपा बसवून आणल्या. परदेशी गाड्यांना असतात तशा. दुकानातल्या मिस्त्रीनेच त्या बसवल्या आणि वर सांगितलं, "साब, अब इंजन सांस लेगा."

चाळ ती चाळच. "नाबरांनी गाडीलाही कल्ले ठेवले," असं संध्याकाळपर्यंत चारही मजल्यांवर झालं.

भाऊ चिडायचे. "अहो, हे ते न्हाव्याकडचे कल्ले नव्हेत! हे माशाचे कल्ले! इंजिनाची गरम हवा यातनं बाहेर पडते. मासा श्वास कसा घेतो? तसंच." मग ते दहा-अकरा वर्षांच्या शशीला पुढे ओढायचे. "शशी, हात लाव. लागतंय का गरम?"

"गरम!" शशी म्हणायचा, आणि भाऊंचा चेहरा असा काही खुलायचा की विचारू नका. पुढे हा दर रविवारचा कार्यक्रमच झाला. एक्याण्णव साली भाऊ गेले, चौऱ्याण्णव साली शशिकांतने गिरगावची खोली विकून मीरा रोडला दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला, तेव्हा सामानाच्या टेम्पोमागून तो ही गाडी चालवत आला. आणि आरोही बोलायला लागल्यापासून तोही तिला दर रविवारी मडगार्डापाशी नेऊन हात लावायला सांगायचा. आता बारा वर्षांची झाली तरी ती बिचारी वाकून हात लावायची आणि "गरम" म्हणायची.

एवढं सगळं खरं असलं, तरी गाडी तापायची. तापायची म्हणजे चार किलोमीटर झाले की बॉनेटखालून वाफ यायची आणि रेडिएटरमधलं पाणी चहाच्या आधणासारखं उकळायचं. त्यामुळे गेल्या वर्षभरात ती भाजी मार्केटच्या पलीकडे गेली नव्हती. नोटिशीत थोडं तथ्य होतं, पण ते कबूल करायला शशिकांत नाबरऐवजी दुसरा कुणीतरी माणूस लागला असता.

रविवारी सकाळी दहाला कंपाउंडमध्येच प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून सभा भरली. सेक्रेटरी ईश्वरभाई मधल्या खुर्चीत. ईश्वरभाईंचा भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचा कारखाना होता. तीस वर्षं पत्रा ठोकण्यात गेलेली. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना मोकळी जागा दिसली की ती मोकळीच राहावी असं वाटायचं. तीन कलमं पटापट झाली. चौथं आलं आणि शशिकांत उठला.

"शोभेची वस्तू म्हणजे ज्या वस्तूचा काही उपयोग नाही ती," त्याने सुरुवात केली. रात्री तोंडपाठ केलं होतं. "माझ्या गाडीत एकही गोष्ट शोभेची नाही. एकही! हॉर्न वाजतो, वायपर फिरतो. फार कशाला, हे कल्ले बघा. आजकालच्या गाड्यांना नुसती प्लास्टिकची नक्षी चिकटवतात. हे खरे आहेत. यातून इंजिन श्वास घेतं."

ईश्वरभाई शांतपणे उठले. मडगार्डापाशी जाऊन त्यांनी बोटातल्या अंगठीने झडपेवर दोनदा टिचकी मारली आणि कान लावून ऐकलं.

"नाबरभाई, बुरा मत मानो. पीछे पत्रा हाय. होल नाय हाय."

"आवाजावरून काय कळतं?"

"मेरेको नहीं कळेगा तो किसको कळेगा?" ईश्वरभाई म्हणाले, आणि त्यांनी वॉचमनच्या केबिनमधल्या गणपतीसमोरची पेटती उदबत्ती मागवली.

उदबत्ती झडपेसमोर धरली. धूर सरळ वर गेला. "इंजिन बंद आहे म्हणून!" शशिकांत ओरडला. मग इंजिन चालू करणं आलं. ते चौथ्या प्रयत्नाला चालू झालं आणि अख्खी सोसायटी खुर्च्या सोडून मडगार्डाभोवती गोळा झाली. धूर तरीही सरळ वर. एका रेषेत. दहा मिनिटांनी बॉनेटच्या फटीतून मात्र वाफ यायला लागली आणि मागून कुणीतरी म्हणालं, "नाबर, तुमची गाडी नाकाने नाही, टाळूतून श्वास घेते."

सगळे हसले. सुचेतासुद्धा हसली, हे शशिकांतने नेमकं पाहिलं.

ईश्वरभाईंनी मग सौदा पटवावा तसा तोडगा काढला. येत्या रविवारी गाडी समुद्रकाठी, दहा-बारा किलोमीटरवरच्या उत्तनला न्यायची आणि परत आणायची. ते स्वतः बरोबर बसणार. वाटेत पाणी उकळलं नाही, तर ती गाडी. तिची जागा कायम. उकळलं, तर ती शोभेची वस्तू, आणि सोमवारी काशीमीऱ्याचा त्यांच्या ओळखीचा भंगारवाला येऊन ती घेऊन जाईल. सगळ्यांचे हात वर झाले. एवढी एकजूट त्या सोसायटीत पाण्याच्या टाकीवरूनही झाली नव्हती.

दुपारी सगळे झोपल्यावर शशिकांत स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली आला. डाव्या झडपेचे चार स्क्रू काढायला त्याला अर्धा तास लागला, पस्तीस वर्षांत कुणी त्यांना हात लावला नव्हता. झडप हातात आली. मागे सलग पत्रा होता. पिस्ता रंगाचा, अगदी कोरा. भोक सोडा, साधा ओरखडाही नाही.

त्याने झडप परत लावली. वर येऊन तो हॉलमधल्या भाऊंच्या फोटोसमोर उभा राहिला. फोटोत भाऊ कल्ल्यांसकट हसत होते.

"म्हणजे तुम्ही मला फसवलंत," तो म्हणाला. "दर रविवारी. आणि मी जगभर सांगत सुटलो."

त्याला अतोनात वाईट वाटलं. गाडी जाईल याचं दुःख होतंच, पण आता तिला वाचवायचं तरी कशासाठी, असंही वाटू लागलं. मग दोन दिवसांनी राग आला आणि रागाने थोडं बळ आलं. गाडी वाचवायची. पण ते खोटे कल्ले तिच्यावर नकोत. पुन्हा कुणी टिचकी मारायला नको.

मंगळवारी सकाळच्या गारव्यात तो गाडी घेऊन काशीमीऱ्याला गेला. हायवेच्या नाक्यावर ट्रकांच्या रांगेमागे बाबाजीचं गॅरेज होतं. बाबाजी खाडीकाठच्या मुर्धा गावचा. बापजादे खाडीत मासे मारायचे, खाडी आटत गेली तशी याने हातात हातोडी घेतली. डेंटिंगचं काम त्याच्यासारखं पंचक्रोशीत कुणी करत नव्हतं. कुठल्याही मोटारीकडे तो आधी मान तिरकी करून बघायचा, बाजारात टोपलीकडे बघावं तसा.

"रेडिएटर धुऊन घ्या," शशिकांत म्हणाला. "पाईप बदला. पंखा बघा. रविवारी उत्तनला जाऊन यायचंय, पाणी उकळता कामा नये. नाहीतर गाडी भंगारात."

"भंगारात? ही?" बाबाजीने गाडीच्या नाकावर हात ठेवला. "वेडे झालेव का तुमी?"

"आणि एक. हे कल्ले." शशिकांतने मडगार्डाकडे पाठ केली. "हे कल्ले साफ करून टाका."

"साफ?"

"एकदम साफ. दोन्ही बाजूचे. मला बघवत नाही हो आता."

बाबाजीने वाकून झडपेत बोट घातलं, बोट अडलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उमगल्यासारखं आलं. "बरोबर हाय तुमचं," तो हळू आवाजात म्हणाला. "बगवायचं न्हायच. करताव साफ."

"तुम्ही कापाल तेव्हा मी इथे थांबणार नाही."

"नका थांबू. काय लोकांना न्हाय सहन होत कापाकापी," बाबाजी समजूतदारपणे म्हणाला. इतका समजूतदार माणूस आपल्याला आठवड्यात दुसरा भेटला नाही, असं वाटून शशिकांतचे डोळे भरून आले. तो रिक्षात बसला तेव्हा त्याने मागे वळूनही पाहिलं नाही.

शनिवारी दुपारी तो गाडी आणायला गेला. मनाची तयारी केली होती. कल्ले नसलेली गाडी कशी दिसेल याचा त्याने चार दिवस विचार केला होता. भाऊंनी जेव्हा पुढे कल्ले काढले तेव्हा तेही आठवडाभर परके वाटले होते. ताडपत्रीच्या सावलीत गाडी धुऊनपुसून उभी होती.

कल्ले जागच्या जागी होते. नुसते होते असं नाही, चमकत होते. आणि तीन-तीन खाचांच्या आतून, दोन्ही बाजूंनी, लालभडक रंग बाहेर डोकावत होता.

शशिकांतला आधी वाटलं, आपल्याला ऊन लागलं.

"हे काय आहे?"

"कल्ले," बाबाजी अभिमानाने म्हणाला. "केले साफ. तुमच्या कल्ल्यांमागं सगला पत्रा व्हता! कंच्या येड्यानं मारला व्हता काय म्हाईत. मासा कवाच मेला असता. बाहेरचा पत्रा कापला, आतला पण कापला, थेट इंजिनापरत वाट केली. दोन दिस गेले माजे."

"मी साफ करा म्हटलं होतं!"

"मंग? केले ना साफ."

"साफ म्हणजे काढून टाका! उडवा! न्हाव्याला सांगतो तसं, कल्ले साफ कर!"

बाबाजी कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "मी न्हावी हाय का?"

पलीकडच्या ट्रकवाल्याने चहाचा ग्लास तोंडाशी धरून खुर्ची जवळ ओढली.

"आणि हा लाल रंग? हा कुणी सांगितला?"

"त्यो माज्या मनानं," बाबाजी म्हणाला. "तुमी नाबर ना? मासं खानारे ना? मंग बाजारात मासा घेताना काय बगता? कल्ला उचलून बगता. लाल असंल तर ताजा, कालपट असंल तर शिला. तुमच्या गाडीला लोक भंगार बोलतात. आता उचलून बगू दे कोन बगतो त्यो."

शशिकांत त्याच्यावर खूप ओरडला. सदतीस वर्षं घरात असलेली गाडी, भाऊंची आठवण, विचारल्याशिवाय कापली, वर आणि रंगवली. बाबाजीने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी एवढंच म्हणाला, "जा घेऊन. उद्या नाय आवडलं तर वापस पत्रा मारून देईन." शशिकांत दार आपटून गाडीत बसला आणि तणतणत घरी आला. काशीमीऱ्याहून घरापर्यंत पाण्याचा कॅन उघडावा लागला नाही, हे रागाच्या भरात त्याच्या लक्षातही आलं नाही.

रविवारी सकाळी आठला ईश्वरभाई पांढराशुभ्र शर्ट घालून, हातात उदबत्त्यांचा पुडा घेऊन हजर झाले. लाल कल्ल्यांकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "ये क्या, कुंकू लगाया?"

"बसा," शशिकांत म्हणाला.

मागे आरोही पाण्याचे दोन कॅन मांडीशी घेऊन बसली. सुचेता गॅलरीतून बघत होती. तिने हात हलवला नाही, पण आत देवापाशी दिवा लावून आलीय हे तिच्या कपाळावरच्या ताज्या कुंकवावरून दिसत होतं. तिला गाडीचं प्रेम नव्हतं. पण गाडी गेली तर हा माणूस सोफ्यावरून उठणार नाही, हे तिला कळत होतं.

भाईंदर पश्चिमेला पोचेपर्यंत तिघांचे डोळे तापमानाच्या काट्यावर. पुढे मुर्धा आलं, मिठागरांच्या बाजूने अरुंद रस्ता, राई, मोर्वा. चार किलोमीटर झाले. वाफ नाही. सात झाले. वाफ नाही. शशिकांत श्वास रोखून गाडी चालवत होता, ईश्वरभाईही नाकाला रुमाल लावून श्वास रोखून बसले होते, पण त्यांचं कारण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाळत घातलेले बोंबील हे होतं.

उत्तनच्या नाक्यावर गाडी थांबली. टोपल्या घेऊन बसलेल्या बायकांतली एक ठसठशीत बाई उठून थेट मडगार्डापाशी आली, खाली वाकली, आणि मागच्या बायकांना ओरडून म्हणाली, "बगा गो, बाबाजीनं केलेली गाडी हीच! लाल हायेत कल्ले! ताजी हाय, ताजी!"

ती बाबाजीची बहीण शेवंती. तिला भावाकडून सगळी कहाणी आधीच कळली होती. मग टोपल्या सोडून झाडून साऱ्या बायका आल्या आणि प्रत्येकीने वाकून कल्ले पाहिले. शेवंतीने ईश्वरभाईंना विचारलं, "शेट, किती दिवस टिकंल वो बर्फात?" ईश्वरभाई शाकाहारी. त्यांना प्रश्न अजिबात समजला नाही, पण सगळ्या हसल्या म्हणून तेही हसले, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच त्यांच्या नाकावरचा रुमाल खाली आला.

मग त्यांनी उदबत्ती पेटवली. "इंजन चालू रखो," ते म्हणाले आणि उदबत्ती कल्ल्यासमोर धरली.

धूर वर गेलाच नाही. आतून हवेचा असा झोत आला की धूर आडवा झाला, टोकाचा निखारा सुटला आणि ईश्वरभाईंच्या पांढऱ्या शर्टावर जाऊन बसला. शर्टाला वाटाण्याएवढं भोक पडलं. ईश्वरभाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी अंगठीने टिचकी मारली, कान लावला, पुन्हा मारली. आणि तीस वर्षं पत्रा ठोकलेल्या त्या माणसाच्या तोंडावर लहान मुलासारखा आनंद पसरला.

"नाबरभाई! होल हाय! हवा मारते!"

"मी तेच सांगत होतो," शशिकांत म्हणाला. गेल्या रविवारी तो जे सांगत होता ते खोटं होतं, पण तेवढं बारकाईने कोण बघतो.

परतीची वाट मात्र सोपी नव्हती. मुर्ध्याजवळ नव्या बिल्डिंगच्या कामावर रेती टाकणारा डंपर रस्त्यात आडवा अडकला होता. पुढेमागे गाड्यांची रांग, ऊन डोक्यावर, आणि बंद करावं तर इंजिन परत चालू होईल याची खात्री नाही. काटा हलायला लागला. पाऊण, मग त्याच्याही वर. लाल पट्टीच्या कडेला येऊन तो थरथरत उभा राहिला. शशिकांतला घाम फुटला. हा डंपर हटला नाही तर उद्या भंगारवाला येणार. त्या क्षणी त्याला कळलं की कल्ले खरे असोत खोटे असोत, ही गाडी गेलेली आपल्याला सहन होणार नाही.

"मत उकल, मा, मत उकल," कुणीतरी पुटपुटलं. शशिकांतने पाहिलं तर ईश्वरभाई डॅशबोर्डला हात लावून डोळे मिटून बसले होते.

बावीस मिनिटांनी डंपर हटला. काटा लाल पट्टीला शिवला नाही. गाडी सुटली, वारा लागला, काटा खाली आला आणि गाडीतले तिघेही एकदम बोलायला लागले. भाईंदर गेलं, मीरा रोड आलं, सोसायटीचं गेट समोर दिसलं. गॅलऱ्यांत माणसं उभी. गेटपासून शंभर पावलांवर गाडीने एक उचकी दिली, दुसरी दिली आणि ती बंद पडली.

बॉनेट उघडलं. वाफ नाही. रेडिएटर शांत.

ईश्वरभाईंनी काचेतून आत वाकून पाहिलं. "पेट्रोल तो आधा टाकी दिखाते."

शशिकांतने आकाशाकडे पाहिलं, गेटकडे पाहिलं आणि शेवटी खरं सांगून टाकलं. "तो काटा चौऱ्याहत्तर सालापासून अर्ध्यावरच आहे. तो शोभेचा आहे."

मग ईश्वरभाई असे हसले की त्यांना मडगार्डाचा आधार घ्यावा लागला, आणि मडगार्ड तापलेला असल्याने लगेच सोडावाही लागला. डोळे पुसून त्यांनी बाह्या वर केल्या.

"नियम पानी का था. पेट्रोल का नाय था. चलो, धक्का मारो."

आणि सोसायटीच्या सेक्रेटरीने, शर्टाला भोक पडलेलं असताना, नाबरांची मोटार स्वतःच्या हाताने ढकलत गेटातून आत आणली. बघायला सगळे गॅलरीत होतेच, त्यामुळे नंतर हरकत घ्यायला कुणाला तोंड राहिलं नाही. संध्याकाळी बोर्डावरच्या चौथ्या कलमात 'नाबर यांची मोटार' यापुढे ईश्वरभाईंनी पेनाने 'सोडून' असं लिहिलं. ते 'इत्यादी'च्या आधी आल्याने वाक्याचा पार विचका झाला, पण शशिकांतने ते तीनदा वाचलं.

पण हे संध्याकाळचं. त्याआधी, ईश्वरभाई पाणी प्यायला वर गेले आणि शशिकांत गाडीला टेकून दम खात उभा होता, तेव्हा आरोही नेहमीप्रमाणे मडगार्डापाशी वाकली आणि तिने कल्ल्यासमोर हात धरला. इंजिन बंद होतं तरी आतली सारी धग बाहेर येत होती.

"बाबा!" ती म्हणाली. "आज खरंच गरम लागतंय!"

"आज म्हणजे?"

आरोहीने जीभ चावली. मग मोठ्या माणसासारखा विचार करून सांगून टाकलं. "आधी नाही लागायचं काही. नुसता पत्रा लागायचा. पण तू माझ्या तोंडाकडे असा बघत असायचास ना, की मला 'नाही' म्हणवायचंच नाही."

शशिकांतच्या डोळ्यांसमोर गिरगावची ती चाळ आली. रविवारची सकाळ, चाळीच्या सावलीत उभी असलेली गाडी, आणि शेजारी वाकलेले भाऊ. नवेकोरे कल्ले, डोळे त्याच्या तोंडावर लावलेले. शशी, हात लाव. लागतंय का गरम? त्याने हात लावला होता. पत्रा गार होता. सावलीतल्या पाण्याच्या पिंपासारखा गार. आणि भाऊंच्या चेहऱ्याकडे बघून तो म्हणाला होता, गरम!

भाऊ त्याला विचारत होते. मिस्त्रीने सांगितलेलं खरं की खोटं, हे दुसऱ्या कुणाला विचारायची त्यांना लाज वाटत असणार, म्हणून ते दर रविवारी आपल्या मुलाला विचारत होते, आणि मुलगा दर रविवारी गरम म्हणत होता. त्याच्या शब्दावर भाऊ मरेपर्यंत जगाशी भांडले. आणि हा आठवडाभर फोटोसमोर उभा राहून त्यांना फसवे म्हणत होता.

त्याला हसू आलं आणि रडूही आलं. दोन्ही इतकं एकदम आलं की आरोही घाबरली. "बाबा, चिडलास?"

"नाही गं," तो म्हणाला आणि गुडघे टेकून खाली बसला. तिचा हात बाजूला करून त्याने आपला तळवा त्या लालभडक कल्ल्यावर सपाट टेकवला. चटका बसला, पण त्याने हात काढला नाही.

"गरम आहे हो, भाऊ," तो मोठ्याने म्हणाला. "चांगलं गरम आहे."